काही आढळलं नाही

आमच्या वाघमारे सरांनी कशालाही 'चांगलं' म्हटलेलं ऑफिसात कुणी ऐकलेलं नव्हतं. जेवण, हवा, माणूस, नवा पूल, काहीही समोर आलं की ते मान तिरकी करून निरखतात, चष्मा कपाळावर सरकवतात, पुन्हा नाकावर आणतात आणि म्हणतात, "काही आढळलं नाही."

ही स्तुती असते. मला हे कळायला बराच काळ लागला. नोकरीला लागल्यावर पहिल्या होळीला मी घरून पुरणपोळ्या नेल्या होत्या. सगळे वा वा करत होते. सरांनी एक घास घेतला, चावला, थांबले, पुन्हा चावला.

"कशी झालीय सर?"

"काही आढळलं नाही."

आता पुरणपोळीत काय आढळायला हवं होतं, खिळा? मी मनातल्या मनात त्यांना इतकं बोलले की माझीच पोळी मला गोड लागेना. तेवढ्यात त्यांनी ताटली पुढे केली आणि दुसरी मागून घेतली. शेजारचा म्हणाला, "मॅडम, पास झालात."

खराडीला आमची कंपनी आहे. आम्ही विमानाचे लहानमोठे भाग बनवतो. हे भाग धातूचे नसतात, कार्बनच्या कापडाचे असतात. खालच्या मजल्यावर लेअप रूम आहे, तिथे बायका राळेत भिजवलेलं काळं कापड थरावर थर देऊन हाताने बसवतात. मग ते भट्टीत दाबाखाली शिजतं आणि पत्र्याहून कडक, पुठ्ठ्याएवढा हलका भाग बाहेर येतो. पंचाईत अशी की वरून बघून त्याचं काहीच कळत नाही. आत छिद्र राहिलं, थर सुटला, कापडाच्या पाठीचा कागद काढायचा विसरला, तरी वरून तो तसाच गुळगुळीत चकाकतो. म्हणून प्रत्येक भाग वरच्या मजल्यावर आमच्याकडे येतो. शिशाच्या जाड दारामागे तो हळूहळू गोल फिरतो, क्ष-किरणांनी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो निघतात आणि कॉम्प्युटर ते जोडून आतलं सगळं पावाच्या स्लाइससारखं एकेक काप करून दाखवतो. माणसांचं सीटी स्कॅन करतात ना, तेच.

ते काप बघायचे सरांनी. त्यांना रंगरूप देऊन गिऱ्हाइकाला समजेल असं चित्र करायचं मी. म्हणजे भांडणाची सोय कंपनीनेच करून ठेवलेली.

एकदा मी वैतागून विचारलं, "सर, एवढा वेळ बघता, मग सरळ 'चांगला आहे' असं लिहायला काय होतं?"

"मशीन तसं सांगत नाही मॅडम. मशीन एवढंच सांगतं, की मी जिथे बघितलं तिथे मला काही दिसलं नाही. पुढचं 'चांगलं' आपण घुसडतो."

कप्पाळ माझं!

ऑफिसपुरतं ठेवलं असतं तरी चाललं असतं. आमचे आधीचे मोठे साहेब निवृत्त झाले तेव्हा निरोपाला सरांना बोलायला उभं केलं. सर माइकसमोर गेले, साहेबांकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी साहेबांना जवळून बघतोय. मला त्यांच्यात काही आढळलं नाही." आणि जाऊन बसले. हॉल हसून हसून आडवा झाला. साहेबांच्या मिसेस मात्र शेवटपर्यंत गुलाबाचा गुच्छ घट्ट धरून सरळ समोर बघत होत्या.

आम्ही कात्रजला फ्लॅट घेतला तेव्हा सर वास्तुशांतीला आले. चहा नको, पाणी नको. खिशातून नाणं काढलं आणि वाकून एकेका फरशीवर टकटक करत निघाले. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, त्यांचं काही पडलंय का?" शेवटी बाल्कनीच्या दारापाशी ते थांबले, पुन्हा ठोकलं, कान लावला. "हिच्याखाली पोकळ आहे. बाकी काही आढळलं नाही." तेव्हापासून आमच्या घरात त्या फरशीवर कुणी पाय देत नाही. पाहुण्यांनाही आम्ही वळसा घालायला लावतो.

रंगांचं तर विचारूच नका. छिद्र मोठं असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, बारीक असेल तर हिरवं, अशी माझी साधी पद्धत. गिऱ्हाईक खूश, साहेब खूश. सरांना ते बघवत नाही. त्यांचं सगळं राखाडी. "दोष रंगीत नसतो. रंग तुम्ही लावता." आणि त्यांचा खरा राग आमच्या सॉफ्टवेअरमधल्या एका पट्टीवर. किती बारीक फरकाला दोष म्हणायचं हे त्या पट्टीवर ठरतं. ती उजवीकडे सरकवली की बारीकसारीक डाग चित्रातून नाहीसे होतात. नवं कुणी कामाला आलं की सर त्याला ती पट्टी दाखवतात. "इकडे सरकवली की छिद्रं जातात. स्क्रीनवरून जातात. विमानातून नाही जात." हे बोलताना त्यांचा आवाज चढत नाही, पण समोरचा हात पाठीमागे बांधून उभा राहतो.

त्यांच्या दोन गोष्टींचा मात्र आम्हाला उलगडा होत नव्हता. एक आरसा आणि दुसरा तुकडा.

लेअप रूममध्ये जाताना बांगडी, अंगठी, गजरा, टिकली बाहेर काढून ठेवायची, हा नियम कुठल्याही अशा कारखान्यात असतो. आमच्याकडे त्या दाराशी एक आरसा टांगलाय. बायका आत जाण्याआधी कपाळावरची टिकली काढून आरशावर चिकटवतात आणि सुटी झाली की आपापली पुन्हा लावून घरी जातात. दिवसभर तो आरसा टिकल्यांनी भरलेला असतो. लाल, काळ्या, खड्यांच्या, चंद्रकोरी. एका नव्या मॅनेजरला ते गबाळं वाटलं आणि त्यांनी आरसा काढायला लावला. दुसऱ्या दिवशी सर खडकीहून स्कूटरवर घरचा आरसा बांधून घेऊन आले आणि त्याच खिळ्याला लावला. भांडले नाहीत, बोललेही नाहीत. लेअप रूमच्या मंदाताई मला म्हणाल्या, "अवो मॅडम, त्यो सरांचा आरसा हाय. एकीची टिकली रातभर ऱ्हायली, तर झाडूवाल्याला खरवडू दिली न्हाई त्यांनी. म्हनले, कुनाची तरी हाय, ऱ्हाऊ दे."

मला वाटलं, आहे विक्षिप्तपणा.

आणि तुकडा. मशीन बरोबर बघतंय की नाही हे तपासायला एक कार्बनचा तळहाताएवढा तुकडा असतो. त्यात मुद्दाम दोष घालून ठेवलेले असतात. टेफ्लॉनचे सहा छोटे कपटे, ठरलेल्या जागी, ठरलेल्या थरात. मशीनने ते सहाच्या सहा दाखवले म्हणजे मशीन जागेवर आहे. ही तपासणी आठवड्यातून एकदा केली तरी पुरते. सर रोज करतात. सकाळी आले, डबा ठेवला, मशीन सुरू केलं की पहिला तुकडा. मग स्क्रीनजवळ खुर्ची ओढून ते एकटेच काप पुढेमागे करत बसतात. तेवढा वेळ त्यांना हाक मारायची नाही. तुकडाही किती जुना! कंपनी हडपसरच्या शेडमध्ये होती तेव्हाचा, सर नवे नोकरीला लागले तेव्हाचा. कडा झिजलेल्या, एक कोपरा उडालेला.

तर यंदा तो तुकडा जायची वेळ आली. परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. आमचे आताचे मोठे साहेब, भोसले, म्हणाले, जुना तुकडा नव्या सॉफ्टवेअरवर पूर्ण तपासा. त्याच्या नकाशात जे सहा दोष दाखवलेत तेवढेच निघाले, तर ठेवू. नकाशात नसलेलं काही निघालं, तर बाद. आणि बाद म्हणजे आमच्याकडे करवतीने कापून भंगारात, चुकून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून.

हे ऐकलं आणि आमच्या सरांचं वागणंच बदललं. इतर वेळी ते कधी काम पुढे ढकलत नाहीत. आता रोज नवं कारण. आज मशीन गरम आहे. आज मोठा भाग आधी घेऊ. आज तुमचं सॉफ्टवेअर मला पटत नाही. भोसले साहेबांना त्यांनी तोंडावर सांगितलं, "साहेब, तुकड्याला राहू द्या. माझं एवढंच मागणं आहे." ज्या माणसाने पगारवाढसुद्धा कधी मागितली नाही, तो एका झिजलेल्या तुकड्यासाठी हात जोडतोय! मला वाटलं, रिटायरमेंट जवळ आली, हट्टी झालेत. मी सासूबाईंना बघते ना, मोडका डबासुद्धा टाकू देत नाहीत.

ऑडिट अगदी तोंडावर आलं. दुपारी जेवणं झाल्यावर सर माझ्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "चालवा मॅडम."

मी चालवलं. स्क्रीनवर राखाडी तुकडा आला. त्यात एकेक दोष उमटू लागला. हिरवा, हिरवा, पिवळा. सहाही आले. मी "वा!" म्हणणार तोच तुकड्याच्या मधोमध, अगदी आतल्या थरात, लाल रंग भरला. पातळ, चपटा, आणि गोल.

"सर! सातवा!" मी ओरडलेच. आमच्या सॉफ्टवेअरने पहिल्याच फटक्यात इतक्या वर्षांचा लपलेला दोष पकडला होता, मला कोण आनंद! "हे कसं निसटलं सगळ्यांच्या नजरेतून? आणि बघा तरी किती गोल आहे. छिद्र असं कधी नसतं. हे तर कुणीतरी... अहो सर, ही टिकली आहे!"

मी वळून बघितलं. चष्मा त्यांच्या हातात होता.

"माहीत आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, थांबत थांबत, कापामागून काप बघावा तसं. हडपसरच्या शेडमध्ये तेव्हा क्ष-किरणांच्या फिल्मवर काम चालायचं, आणि टिकली काढायचा नियम असला तरी कुणी फारसा पाळत नसे. नवा तुकडा बनवायचं काम लेअप रूममधल्या सुनंदा नावाच्या मुलीकडे दिलं होतं. तिचा हात सगळ्यांत साफ. तुकडा भट्टीतून आला, सरांनी फिल्म काढली. सहा डाग ठळक होते आणि मधे एक अगदी पुसट गोल. फिल्म तिरपी धरून, कुठे बघायचं ते माहीत असेल तरच दिसेल असा. सर खाली गेले आणि दारातून विचारलं, आज कुणाची टिकली पडली का? सगळ्या बायकांचे हात कपाळाला गेले. सगळ्यांचे खाली आले. एकीचा तसाच राहिला.

"जेवणाच्या सुटीत ती माझ्याकडे आली. म्हणाली, साहेब, माझी नोकरी जाईल का? घरात तिच्या एकटीचा पगार. रडत नव्हती, नुसती उभी होती. मी फिल्मकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. आणि म्हणालो, मला काही आढळलं नाही."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"तो तुकडा विमानात जाणार नव्हता, म्हणून तेवढी हिंमत झाली. विमानातला असता तर मी लिहिलं असतं. मग तिची नोकरीही गेली असती आणि माझं लग्नही."

सरांच्या मिसेस मी कंपनीत यायच्या आधीच वारल्या, एवढं मला माहीत होतं. त्या म्हणजेच ही सुनंदा, आमच्याच लेअप रूममधली, हे माहीत नव्हतं. आणि सर रोज सकाळी स्क्रीनजवळ खुर्ची ओढून कुणाजवळ बसतात, हे तर कुणालाच माहीत नव्हतं.

"पुढे संसारात तेच चालू राहिलं," सर म्हणाले. "ती विचारायची, भाजी कशी झालीय? मी म्हणायचो, काही आढळलं नाही. साडी कशी दिसते? काही आढळलं नाही. ती हसायची. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाच माहीत. मला वाटायचं, पोचतंय." त्यांनी चष्मा पुसला. "पोचतही असेल. पण सरळ शब्दात एकदा म्हणायला हवं होतं."

मला भडभडून आलं. आणि मग जे कधी केलं नव्हतं ते मी करायला निघाले. माझा हात त्या पट्टीवर गेला. "सर, हे थोडं उजवीकडे घेतलं तर... सहाच राहतील. कुणाला काय कळणार आहे? तुकडाच तर आहे. तो विमानात थोडाच जाणार आहे?"

मी सरकवलं. लाल गोल फिका झाला आणि नाहीसा झाला. राखाडी तुकड्यात सहा कपटे, नकाशात होते तेवढेच.

सरांनी हात पुढे केला आणि पट्टी परत होती तिथे आणून ठेवली. लाल गोल पुन्हा आला.

"राहू द्या मॅडम. एकदा मी लपवलं, तिच्यासाठी. आता लपवलं तर ते माझ्यासाठी होईल. लिहा, सातवा दोष. बाहेरची वस्तू. गोल."

मी लिहिलं.

भोसले साहेबांना मीच जाऊन सगळं सांगितलं. ते वाईट नाहीत. बराच वेळ पेन उघडझाप करत बसले. शेवटी म्हणाले, "बाद तर करावाच लागेल. पण कापल्यावर सरांना घरी घेऊन जाऊ दे. मी बघत नाही."

कापायला सर स्वतः गेले. मास्क लावला, तुकड्यावर खडूने रेघ मारली. मधोमध कापायची पद्धत आहे, सरांनी रेघ कडेकडेने मारली. करवतीवरचा माणूस म्हणाला, "सर, मधनं नाय का?" सर म्हणाले, "कापायचं एवढं नियमात आहे. कुठून, ते लिहिलेलं नाही." काळी धूळ उडाली, दोन भाग झाले. मोठा भाग सरांनी क्षणभर हातात ठेवला. मी हळूच सांगितलं, साहेबांनी घरी न्यायला परवानगी दिलीय.

"बाद माल घरी न्यायचा नाही, हा नियम मीच लिहिलाय," ते म्हणाले. आणि दोन्ही भाग भंगाराच्या पेटीत ठेवले. बाकीचे लोक टाकतात. त्यांनी ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वेळेवर आले. डबा ठेवला, मशीन सुरू केलं. नवा तुकडा यायचा होता. सर खुर्ची ओढून बसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बघायला काही नाही. उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. टेबलाखालचा ड्रॉवर उघडून बंद केला. इतक्या वर्षांत मी त्यांना रिकामं कधी बघितलं नव्हतं. मला ते बघवेना.

"सर, जरा इकडे येता?"

तुकडा भंगारात गेला, पण त्याचं स्कॅन माझ्याकडे होतं. ते काही कुणी बाद केलेलं नव्हतं. मी आदल्या संध्याकाळी बसून त्यातले हिरवे-पिवळे सगळे रंग काढून टाकले होते. सगळं राखाडी, त्यांना आवडतं तसं. फक्त मधल्या त्या एका गोलाला लाल ठेवलं होतं. मला धाकधूक होती. दोष रंगीत नसतो, असं म्हणतील आणि निघून जातील.

सर वाकून बघत राहिले. मान तिरकी केली. चष्मा कपाळावर गेला, पुन्हा नाकावर आला.

"लाल नव्हती मॅडम."

"अं?"

"मरून होती. मखमली, मरून."

मी रंग थोडा गडद केला. ते म्हणाले, अजून. मी अजून केला. थोडा जास्त झाला, काळपट वाटला, मी मागे आणला. ते नुसते बघत होते. मग त्यांनी बोट वर केलं, तसं मी हात थांबवला.

"हा," ते म्हणाले. "हाच. ती हीच लावायची." आणि थोड्या वेळाने, खूप हळू, पण सरळ शब्दात म्हणाले, "चांगली दिसायची."

मी स्क्रीनकडेच बघत राहिले, कारण सरांकडे वळून बघायची माझी छाती झाली नाही.